कॅश कुठल्या प्रकारची आहे ते बघा, मग गाडीला किक मारा

जिओकॅशिंग काय असतं हे आता बऱ्याच जणांना ऐकून तरी माहितीये. कोणीतरी डबा लपवतो (या डब्यालाच कॅश म्हणतात, पैशाची कॅश नव्हे), त्याचे कोऑर्डिनेट्स टाकतो, आपण फोन घेऊन जायचं, डबा शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवून यायचं. एवढं वाचून लोक अॅप डाउनलोड करतात, मॅपवर घराजवळचा ठिपका पकडतात आणि निघतात, आणि मग तासभर झुडपात हात घालून काहीच मिळत नाही कारण तो ठिपका मिस्ट्री कॅशचा असतो आणि मिस्ट्रीचा ठिपका ही डब्याची जागा नसतेच मुळी. किंवा ती अर्थकॅश असते, म्हणजे डबा नावाची भानगडच नाही, आणि हे तिथे दगड उचकटत बसलेत.

म्हणून आधी प्रकार वाचायचा. प्रकार कळला की किती वेळ काढायचा, बरोबर काय न्यायचं, पोरांना घेऊन जायचं का, आणि घराबाहेर पडायचं की आधी कागद-पेन्सिल घेऊन टेबलाशी बसायचं हे सगळं आपोआप कळतं. पुण्यात तर हे जास्तच कारण युरोपातल्या शहरांसारख्या इथे कॅश पायलीला पन्नास नाहीयेत, तुरळक आहेत, आणि एकीसाठी कात्रजहून पाषाणला जायचं म्हणजे ट्रॅफिकमध्येच सकाळ गेली, तिथे पोचल्यावर कळलं की याचं कोडं घरी सोडवायचं होतं तर डोकं फिरणारच.

थोडा इतिहास, कारण त्यावरून प्रकार का वाढत गेले ते समजतं. अमेरिकन सरकार पूर्वी सामान्य लोकांच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम घोळ घालून ठेवायचं, शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचं. मे २००० च्या सुरुवातीला त्यांनी ते बंद केलं आणि एका रात्रीत अचूकता दहा-वीस मीटरवर आली. लगेच ३ मे ला डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगन राज्यात जंगलात एक बादली ठेवली, आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि बीन्सचा एक डबाबंद कॅन, आणि कोऑर्डिनेट्स इंटरनेटवर टाकून दिले. गंमत म्हणजे आज कॅशमध्ये खायचं काहीही ठेवायला मनाई आहे, मुंग्या, उंदीर, माकडं सगळे येतात. तर मूळ खेळ एवढाच होता, डबा आणि आकडे. बाकीचे प्रकार नंतर लोकांना कंटाळा येत गेला तसे निघाले असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी आकडे नीट टाका

प्रकारांकडे जायच्या आधी हे सांगितलंच पाहिजे कारण नवीन माणूस इथेच पडतो. कॅशचे कोऑर्डिनेट्स अंश आणि दशांश मिनिटं असे लिहितात, उदाहरणार्थ एन १८° ३१.२३८ ई ०७३° ५१.३२१. हा पॉइंट शनिवारवाड्याच्या परिसरातला आहे. आता काही जण मधलं चिन्ह उडवून गूगल मॅपमध्ये १८.३१२३८, ७३.५१३२१ असं टाकतात आणि मॅप त्यांना सरळ चाळीसेक किलोमीटर लांब, तोरणा आणि रायगडाच्या मधल्या डोंगरात नेऊन सोडतो. मिनिटांना ६० ने भागायचं असतं. ३१.२३८ भागिले ६० म्हणजे ०.५२०६३, आणि ५१.३२१ भागिले ६० म्हणजे ०.८५५३५, म्हणून गूगलसाठी १८.५२०६३, ७३.८५५३५. कॅशिंगच्या अॅपमध्ये हे करावं लागत नाही, ते स्वतःच समजून घेतं, पण मल्टीमध्ये आणि मिस्ट्रीमध्ये आकडे आपण काढतो तेव्हा हमखास लागतं.

आणि शेवटच्या आकड्याचं महत्त्व पण बघून ठेवा, तिसरा दशांश एकाने चुकला तर जमिनीवर पावणेदोन-दोन मीटरचा फरक, दुसरा चुकला तर अठरा मीटर, म्हणजे रस्त्याची पलीकडची बाजू.

ट्रॅडिशनल

हिरवा आयकॉन. दिलेल्या आकड्यांवर डबा आहे, बस. सुरुवात यानेच करा, बाकी सगळं नंतर. पण ट्रॅडिशनल म्हणजे सोपी असं समजू नका, कारण साइझ बघितली का? मायक्रो म्हणजे १०० मिलीपेक्षा कमी, जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी आठवत असेल तर तेवढी. त्यातही नॅनो नावाचा प्रकार असतो, करंगळीच्या नखाएवढी धातूची डबी, मागे मॅग्नेट, आत कागदाची बारीक सुरळी. ती एखाद्या रेलिंगच्या खालच्या बाजूला चिकटवलेली असते आणि तुम्ही त्याच रेलिंगला टेकून पंधरा मिनिटं शोधत असता. स्मॉल म्हणजे १०० मिली ते १ लिटर, आपला लॉकवाला टिफिनचा छोटा डबा. रेग्युलर १ ते २० लिटर, लार्ज त्याच्यावर. शहरात मोठा डबा टिकणं अवघड, आपल्याकडे चांगला डबा दिसला की कोणीतरी घरी नेतोच, त्यात पोहे भरतोच.

नॅनो आणि मायक्रोत पेन नसतं, आपलं न्यायचं. त्यातही पेन्सिल बरी, पुण्याच्या पावसात कागद ओलसर झालेला असतो आणि बॉलपेन त्यावर उमटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कॅशिंग करत असाल तर एक छोटी झिपची पिशवी आणि कागदाचा कोरा तुकडा खिशात ठेवा, लॉगचा, म्हणजे सही करायच्या कागदाचा, लगदा झाला असेल तर नवीन कागद घालून ओनरला, म्हणजे डबा लपवणाऱ्याला, कळवा, दुवा देईल. कागदावर सही झाली तरच फाइंड धरायचं, नुसता डब्याचा फोटो काढून "सापडली" लिहायचं नाही.

पोचल्यावर लगेच हात घालू नका. फोन आठ-दहा मीटरवर आला म्हणाला की फोन खिशात टाका आणि डोळे वापरा. मी लपवलं असतं तर कुठे लपवलं असतं, असा विचार करा. मोकळ्या टेकडीवर फोन चार-पाच मीटरपर्यंत नेतो पण पेठांमधल्या गल्ल्यांमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि बाण गरागरा फिरत बसतो. अशा ठिकाणी हिंट वाचण्यात काहीही कमीपणा नाही. हिंट उलटसुलट अक्षरांत दिसते, अॅपमध्ये एक बटण दाबलं की सरळ होते.

अजून एक, निघायच्या आधी कॅशच्या पेजवरचे जुने लॉग, म्हणजे आधीच्यांनी लिहिलेल्या नोंदी, बघा. शेवटचं फाइंड कधीचं आहे, आणि त्यावर सलग तीन-चार जणांनी डीएनएफ टाकलंय का, म्हणजे "सापडली नाही". तसं असेल तर डबा बहुतेक गेलेला आहे, ओनर नोकरीसाठी परदेशात जाऊन बसलाय आणि पेज तेवढं उरलंय. आणि तुम्हाला नाही सापडली तर तुम्हीही डीएनएफ टाका, लाज वाटायचं कारण नाही, पुढच्याचं पेट्रोल वाचतं.

मल्टी

दोन किंवा जास्त टप्पे. पहिल्या ठिकाणी जायचं, तिथे पुढचे कोऑर्डिनेट्स मिळतात किंवा मिळवायचे, शेवटच्या ठिकाणी डबा. पहिल्या टप्प्यावर डबा असेलच असं नाही, बऱ्याचदा तिथली एखादी पाटी, पायऱ्या, खांब मोजायचे असतात. पुण्याला हा प्रकार फिट बसतो कारण आपल्याकडे पाट्यांना तोटा नाही.

एक बनवून दाखवतो. समजा पेजवर लिहिलंय, "शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली ते साल घ्या. चार आकडे म्हणजे अनुक्रमे अ, ब, क, ड. डबा आहे एन १८° ३१.(ड)(क)(अ+ब) ई ०७३° ५१.(क)(ड)(अ) इथे." भूमिपूजन १७३० चं आणि वास्तुशांत १७३२ ची, ओनरने मुद्दाम दुसरं विचारलंय. मग अ १, ब ७, क ३, ड २. म्हणजे एन १८° ३१.२३८ ई ०७३° ५१.३२१, जे वर आपण बघितलं तेच. १७३० धरलं असतं तर ड शून्य होतं, उत्तर ३१.०३८ आणि ५१.३०१ येतं, म्हणजे तुम्ही साडेतीनशे मीटरहून जास्त दक्षिणेला जाऊन भलत्याच दुकानासमोर उभे. (हे उदाहरण आहे हो, तिथे जाऊन शोधत बसू नका, काही ठेवलेलं नाही.)

मल्टीला वेळ कमी लिहिलेला असला तरी दुप्पट धरा. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवा, पाटीचा पूर्ण फोटो, नुसता आकडा नको, कारण तिसऱ्या टप्प्यावर गेल्यावर आठवतं की दुसऱ्या पाटीवरची अक्षरं मोजायची होती आणि पुन्हा मंडईपर्यंत गाडी वळवून पार्किंग शोधायचं म्हणजे नको तो खेळ. आणि उत्तर आल्यावर मॅपवर टाकून बघा, पॉइंट नदीपात्रात किंवा कोणाच्या सोसायटीच्या आत पडत असेल तर बेरीज परत करा.

मिस्ट्री

निळं प्रश्नचिन्ह. परत सांगतो, मॅपवरचा ठिपका खोटा असतो. खरा डबा सहसा त्याच्यापासून तीनेक किलोमीटरच्या आत असतो, एवढंच नक्की. कोडं काहीही असू शकतं, सुडोकू, सांकेतिक लिपी, चित्रातलं लपवलेलं अक्षर, गाण्याचे सूर, काहीही. मराठी माणसाने मराठी माणसांसाठी करायची तर मोडीत लिहिलेले आकडे हा मला आवडणारा प्रकार, आजी-आजोबांच्या जुन्या कागदांमुळे बऱ्याच घरात थोडी मोडी वाचणारं कोणीतरी असतं, निदान असायचं.

कोडं बघून सुचत नसेल तर आधी कॅशचं नाव वाचा, मग पेजचा सोर्स, म्हणजे पेजमागचा कोड, मग फोटोंची नावं. ओनर लोक नावातच अर्धं उत्तर लपवतात. आणि आपल्याला उत्तर काय स्वरूपाचं हवंय हे माहिती आहे ही मोठी मदत असते, पुण्यातली कॅश असेल तर एन १८° आणि ई ०७३° अशीच सुरुवात होणार, म्हणजे सांकेतिक मजकुराची पहिली चार-पाच चिन्हं कोणते आकडे आहेत ते जवळपास फुकटात मिळालं. तिथून उलगडत जायचं. बऱ्याच पेजवर उत्तर तपासायची लिंक असते, तिथे उत्तर बरोबर असल्याचं हिरवं दिसल्याशिवाय घरातून हलू नका.

याच आयकॉनखाली चॅलेंज कॅश पण येतात. त्यात डबा कुठे आहे ते सरळ दिलेलं असतं पण तुम्ही आधी काहीतरी पूर्ण केलेलं असलं पाहिजे, अमुक इतके प्रकार शोधलेत वगैरे. सही आधी केली तरी चालते, पण अट पूर्ण होईपर्यंत फाइंड म्हणून टाकता येत नाही.

लेटरबॉक्स आणि व्हेरिगो

लेटरबॉक्स हायब्रिडमध्ये डब्यात एक रबरी शिक्का असतो. तो तिथेच राहतो, घरी आणायचा नाही, एका कॅशमधून दुसरीत न्यायची वस्तू समजून नेला तर ओनर शिव्या घालतो. आपल्या वहीत शिक्का मारून घ्यायचा. हा खेळ जिओकॅशिंगच्या कितीतरी आधीचा आहे, इंग्लंडच्या डार्टमूर माळरानावर १८५४ मध्ये एका वाटाड्याने लोकांनी आपली कार्डं टाकावीत म्हणून बाटली ठेवली, तिथून सुरू झाला. जीपीएसचा थोडा तरी वापर असलाच पाहिजे म्हणून नावात हायब्रिड.

व्हेरिगो म्हणजे फोनमधला गेम, पण चालत खेळायचा. कार्ट्रिज नावाची फाइल डाउनलोड करायची, ती लुआ नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेली असते, अँड्रॉइडवर व्हेअरयूगो नावाचं अॅप चालतं. तुम्ही एखाद्या जागेत शिरलात की फोनवर पात्र बोलायला लागतं, काम सांगतं, शेवटी डब्याची जागा देतं. कल्पना भारी, पण करणारे कमी, आणि बॅटरी धडाधड उतरते. पॉवर बँक न्या.

अर्थकॅश, म्हणजे पुण्याचा खरा माल

माझं ऐकाल तर पुण्यात राहणाऱ्याने सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यावं. अर्थकॅशला डबा नाही, वही नाही. जागेवर जायचं, तिथला दगड, माती, पाणी जे काय भूगर्भाचं आहे ते बघायचं, पेजवरच्या प्रश्नांची उत्तरं ओनरला पाठवायची. २००४ पासून हा प्रकार सुरू आहे आणि यामागे जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका आहे. उत्तरं पाठवली की लॉग टाकता येतो, ओनरच्या होकाराची वाट बघत बसावं लागत नाही, पण ढापलेली उत्तरं असतील तर तो लॉग उडवू शकतो.

आता आपण कुठे राहतो ते बघा. पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून झालेला. वेताळ टेकडीवर जुन्या दगडखाणीपाशी उभं राहून कापलेली कडा बघितली की खडक आतून कसा आहे ते उघडं दिसतं. अशा ठिकाणी प्रश्न काय येतो? "कड्याच्या खालच्या भागातल्या आणि वरच्या भागातल्या खडकात भोकांचा फरक सांगा." मग जवळ जाऊन बघायचं. लाव्हातून वायू बाहेर पडताना बुडबुडे वर वर येतात आणि वरचा भाग थंड होऊन घट्ट झाला की तिथेच अडकतात, म्हणून थराच्या वरच्या अंगाला बारीक पोकळ्या जास्त, मधे खडक भरीव. काही पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक भरलेले असतात, ते बहुतेक झिओलाइट गटातले. वाघोलीच्या दगडखाणी तर यासाठी जगभरच्या खनिज गोळा करणाऱ्यांना माहिती आहेत, तिथे सापडणारं निळंशार कॅव्हनसाइट परदेशातल्या म्युझियममध्ये ठेवलेलं आहे आणि आपण त्याच रस्त्याने नगरला जाताना फक्त ट्रकला शिव्या घालतो.

जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणी हे दुसरं. आठव्या शतकातलं काम, एकाच बेसॉल्टच्या खडकात वरून खाली कोरत नेलेलं, समोर गोल नंदीमंडप. देवळात गेलात तरी खडकाकडे बघायला सहसा कोणी थांबत नाही. आणि एक दिवस काढता आला तर निघोजला जा, कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे. पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे गरगर फिरून फिरून त्यांनी बेसॉल्टला रांजणासारखे खड्डे पाडलेत. इथे प्रश्न असेच असतात की खळग्याची आतली बाजू गुळगुळीत की खडबडीत, तळाशी गोटे दिसतात का, आणि त्यावरून तो कसा झाला असेल ते तुमच्या शब्दांत लिहा. पावसाळ्यात तिथे कडेला जाऊ नका, पाणी वाढलं तर खळगे दिसतच नाहीत, दिसतो तो फक्त प्रवाह.

अर्थकॅशला हातोडी न्यायची नाही. दगडाचा तुकडा काढून आणणं या खेळात बसत नाही. मोजायची टेप, कॅमेरा आणि नोंदीसाठी वही, संपलं.

बिनडब्याचे बाकीचे

व्हर्च्युअलला भुताचा आयकॉन आहे. जागेवर जाऊन फोटो काढायचा किंवा उत्तर द्यायचं. हा जुना प्रकार, नवीन बनवायला सहसा देत नाहीत, २०१७ मध्ये निवडक लोकांना परवानगी दिली होती. वेबकॅम कॅश म्हणजे एखाद्या सार्वजनिक कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्यात स्वतःला टिपायचं, त्याही नव्याने बनत नाहीत. परदेशात फिरायला गेलात आणि दिसली तर करून टाका.

अॅडव्हेंचर लॅब हे मात्र नवीन आणि चालू. वेगळं अॅप लागतं. साधारण पाच ठिकाणं असतात, त्या जागेच्या ठरावीक अंतरात गेलात की प्रश्न उघडतो, समोर बघून उत्तर टाकायचं, झालं. सही नाही, डबा नाही, म्हणून गर्दीच्या जागी हे बेस्ट. पुण्यात तर आयतीच पाच ठिकाणं आहेत की, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. क्रमाने करायची सक्ती ठेवता येते, आणि मानाच्या गणपतींच्या बाबतीत क्रम चुकवलेला पुण्यात कोणी खपवून घेणार नाही. फक्त गणेशोत्सवात जाऊ नका, म्हणजे दर्शनाला जा, लॅब करायला नको, गर्दीत फोन बाहेर काढून उत्तर टाइप करत बसाल आणि मागून धक्के खाल.

इव्हेंट पण कॅशच धरतात, याने नवीन माणूस गोंधळतो. इव्हेंट म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी भेटायचं, निदान अर्धा तास, चहा, मिसळ, गप्पा. ५०० लोक आले तर मेगा, ५००० आले तर गिगा. सीटो म्हणजे कचरा उचलायचा इव्हेंट, ग्लोव्हज आणि पोती घेऊन टेकडी साफ करायची. नवीन असाल तर पहिल्या दोन-तीन कॅशनंतर एखादा इव्हेंट गाठा, तिथे लोक आपल्याजवळचे वेगवेगळे डबे दाखवतात आणि नॅनो प्रत्यक्ष हातात घेऊन बघितली की पुढच्या वेळी डोळ्याला ती दिसायला लागते.

डी आणि टी

प्रत्येक कॅशला दोन आकडे असतात, १ ते ५, अर्ध्या अर्ध्याने वाढत जाणारे. डी म्हणजे शोधायला किंवा सोडवायला किती अवघड, टी म्हणजे पोचायला किती अवघड. टी १ म्हणजे व्हीलचेअरनेही जाता येईल असं. टी ५ म्हणजे दोर, होडी असं काहीतरी लागणार. सिंहगड पायवाटेने चढायचा असेल तर टी तीनच्या आसपास समजा, पर्वतीच्या पायऱ्या दोन-अडीच. डी ५ टी १ बघून "अरे जवळच आहे की" म्हणून जाऊ नका, जवळ आहे पण डोकं खाणार आहे. फुकटच्या मेंबरशिपवर अॅपमध्ये सगळ्या कॅश उघडत नाहीत, सोप्या ट्रॅडिशनल उघडतात, सुरुवातीला तेवढ्या पुरतात. बाकीच्या वेबसाइटवर बघा.

लोक विचारतात त्याचं काय

खेळ माहीत नसलेल्यांना या खेळात मगल म्हणतात. पुण्यात मगल म्हणजे सकाळी फिरायला आलेले काका. तुम्ही झाडाच्या बुंध्याशी वाकलात की मागून आवाज येणारच.

"काय हरवलंय का?"

"नाही काका, एक खेळ आहे, जीपीएसवरून डबा शोधायचा."

"डबा? कसला डबा? कोणी ठेवला? परवानगी आहे का?"

इथे खरं बोला. फोनमधलं पेज दाखवा. थापा मारल्या की संशय वाढतो, आणि खरं सांगितलं तर निम्मे काका स्वतः शोधायला लागतात आणि तुमच्या आधी शोधतात. दुसरी बाजू गंभीर आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये जर्मन बेकरीचा स्फोट आणि ऑगस्ट २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावरचे स्फोट बघितलेलं हे शहर आहे, इथे बेवारस डब्याकडे कोणी गंमत म्हणून बघणार नाही आणि बघूही नये. पोलिसांनी किंवा गार्डने हटकलं तर हुज्जत न घालता निघा, कॅश परत कधीतरी होईल. स्टेशन, बस स्टँड, विमानतळ, कॅम्पातला लष्करी भाग, खडकवासल्याला एनडीएच्या आसपास, इथे कॅश दाखवत असेल तरी विचार करून जा.

टेकडीवर हात घालायच्या आधी काठी घाला. कपारीत, दगडांच्या रचलेल्या बांधात साप, विंचू असतात, पावसाळ्यात जास्तच. बांधाचे दगड काढून बघायचे नाहीत, डबा असेल तर तो दगड न हलवता किंवा एखादाच सैल दगड बाजूला करून मिळतो. डब्यातली वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त किमतीची ठेवा, पार्किंगची पावती नका ठेवू. आणि आत नंबर कोरलेला धातूचा बिल्ला दिसला तर तो ट्रॅव्हल बग आहे, तो आपला होत नाही, नेला तर दुसऱ्या कॅशमध्ये सोडायचा.

स्वतः लपवायची असेल तर

वीस-पंचवीस शोधून झाल्याशिवाय लपवू नका, चांगलं काय वाईट काय ते तोवर कळत नाही. पहिली ट्रॅडिशनलच करा, स्मॉल साइझची, स्वतःच्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर, कारण डबा फुटला, भिजला, गेला तर तो तुम्हालाच बदलायचाय आणि गावी गेलो होतो तिथे ठेवून आलो असल्या कॅश मंजूर होत नाहीत. दुसऱ्याच्या डब्यापासून किंवा टप्प्यावर ठेवलेल्या वस्तूपासून १६१ मीटर लांब पाहिजे. शनिवारवाडा, पाताळेश्वर ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित ठिकाणं, तिथे डबा ठेवायचं नावच काढू नका, त्या जागा दाखवायच्या असतील तर मल्टीचा पहिला टप्पा तिथल्या पाटीवर ठेवा आणि डबा दुसरीकडे. टेकड्यांचा बराच भाग वन खात्याकडे आहे, विचारून ठेवा. खड्डा खणून पुरायचं नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही.

डबा पारदर्शक घ्या म्हणजे आत कागद आणि पेन्सिल आहे हे न उघडता दिसतं. वर मराठीत आणि इंग्रजीत ठळक लिहा की हा जिओकॅशिंग खेळाचा डबा आहे, आत धोकादायक काही नाही, आणि कॅशचा कोड टाका. वायर, टेप गुंडाळलेले पाइप, काळ्या पिशव्या असलं काही नको. झाकणाला रबरी कड असलेला घ्या, सिलिका जेलची पुडी टाका, तरी ऑक्टोबरमध्ये एकदा जाऊन कागद बदलावाच लागेल.

कोऑर्डिनेट्स एकदाच घेऊन मोकळे होऊ नका, वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा जाऊन घ्या, फोन तिथे दोन मिनिटं स्थिर ठेवा आणि सरासरी काढा, मग पन्नास मीटर लांब जाऊन स्वतःच्याच आकड्यांवरून परत शोधून बघा. पेजवर प्रकार बरोबर निवडा, डबा दिलेल्या जागी नसेल तर ती ट्रॅडिशनल नाही, एवढ्याशा चुकीवर अर्ज परत येतो. रिव्ह्यूअर, म्हणजे हे अर्ज तपासणारे, पगारी नाहीत, हौशी लोक आहेत, त्यांना जागेचा फोटो आणि परवानगी कोणाकडून घेतली ते आधीच नोट करून पाठवा, म्हणजे प्रश्नोत्तरात आठवडे जात नाहीत.